पितराची पुरणपोळी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे घरातल्या वारलेल्या माणसाच्या नावाने बाहेरच्या कुणाला तरी जेवू घालतात. तो त्या दिवसापुरता ‘पितर’. पितराने नको म्हणायचं नसतं आणि त्याला कुणी अडवायचंही नसतं. यंदा पंचवटीतल्या आमच्या शेजारच्या काकूंनी त्यांच्या यजमानांचं पितर म्हणून मला बोलावलं, अन् मला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. खापरावरची पुरणपोळी आणि आमरस!

मला शुगर निघाल्यापासून बायकोचा कडक पहारा असतो. ती नसली की माझंच डोकं सुरू होतं: गोड खाल्लंय, आता संध्याकाळी चालू का, रात्रीचा भात सोडू का? अरे, सुखाने घास गिळू द्या की माणसाला! पण पितरापुढे कोण बोलणार? बायको नुसती धुसफुसत राहिली.

पाटावर बसलो. काकूंच्या सुनेने गंध लावून ताट वाढलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी आणि पातळ ताक.

“हे काय?” मी बोलूनच गेलो.

“बाबांना शुगर होती ना,” सून म्हणाली. “ते खायचे तेच वाढलंय.”

हात्तिच्या! म्हणजे इथेही पथ्यच! मी पडेल चेहऱ्याने भाकरी मोडली.

तेवढ्यात काकू पुरणपोळी आणि रसाची वाटी घेऊन आल्या. “उचल गं ते ताट,” सुनेला म्हणाल्या आणि माझ्यासमोर बसल्या. “शेवटच्या आखाजीला अर्धीच दे म्हणत होते हो. मी मेलीने तेवढीही दिली नाही. तुम्ही खा. पोटभर खा.”

मला भरून आलं. पोळी रसात बुडवली आणि खात सुटलो. चालणं नाही, भात नाही, काही म्हणजे काही आठवलं नाही. काकू डोळे पुसत होत्या आणि वाढत होत्या.

घरी आल्या आल्या बायको म्हणाली, “किती हाणल्या?”

“मी कुठे? त्यांच्या यजमानांनी खाल्ल्या.”

“मग गोळीही त्यांनाच घ्यायला सांगा!”

तेव्हा तिला काकूंचं सगळं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी माझ्या ताटात अर्धी पुरणपोळी होती. मी पोळीकडे बघतोय, बायकोकडे बघतोय.

“खा मुकाट्याने, विचार करत बसू नका,” ती म्हणाली. “नंतर तुमच्या नावाने शेजाऱ्याला वाढणं मला जमायचं नाही.”