पवनचक्कीच्या खड्ड्यात बसलेल्या बाया

आमच्या गावानं पवनचक्की वस्तीपासून कशी हटवली, हे मी नेकनूरच्या बाजारात, लग्नाच्या मांडवात, एसटीच्या थांब्यावर कितीदा तरी सांगितलं आहे. मात्र दरवेळी गोष्ट मधूनच सुरू केली. पहिला भाग टाळला. आता वय झालं. तो भाग माझ्याबरोबर जाऊ नये.

गावातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. जाताना चावी आमच्या घरी ठेवायची, ही रीत वडिलांपासूनची. मागं कुणाचं आवतण आलं, बांधावरून कुरबूर झाली, तर त्या बंद घराच्या वतीनं आम्हीच बोलायचं. त्यात कुणाला वावगं वाटत नसे. मलाही नाही.

अशाच एका हिवाळ्यात कंपनीचे लोक आले. जागा त्यांनी पाहिली ती वस्तीच्या मागची, तोडकऱ्यांच्या घरांना लागून असलेलं एका बागायतदाराचं रान. पारावर बैठक झाली. साहेबानं मला खुर्ची दिली आणि विचारलं, "वस्तीवाल्यांची काही हरकत?"

"त्यांच्या चाव्या माझ्याकडं हायत, साहेब," मी म्हणालो. "हरकत असती तर मीच घेतली असती."

लोक हसले. मला बरं वाटलं. चक्कीचा आवाज किती, अवजड गाड्या कुणाच्या दारावरून जाणार, पात्यांची सावली कुठवर फिरणार, यातलं मी काहीच विचारलं नाही.

पाडव्याच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या. वस्तीवरच्या पहिल्या घरातली सून मला मामा म्हणते. ती ट्रॅक्टरमधून उतरली ती थेट खड्ड्याच्या काठावर गेली. तिच्या चुलीपासून हाकेच्या अंतरावर, मोठ्या विहिरीएवढा खड्डा होता.

"मामा, कावून खांदलं हे? कुणाला इचारून?"

"वरून आलंय, बाई," मी म्हणालो. "तालुक्याहून."

तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्या दिवशी ती खड्ड्यात उतरून बसली. तिच्यामागं वस्तीवरच्या साऱ्या बाया उतरल्या.

पुढचं लिहिताना आजही माझी छाती फुगते. बायांनी उसाच्या फडावरची शिस्त लावली. निम्म्या खड्ड्यात, निम्म्या घरच्या कामाला, मग पाळी बदलायची. भाकरी टोपल्यात घालून दोरीनं खाली सोडायच्या. साहेब काठावरून समजावू लागला, "अहो, ही देशासाठी वीज आहे."

"मंग देशाच्या मधोमध उभी कर की," एक म्हातारी खालून म्हणाली. "माझ्या न्हाणीमागं कावून?"

"ऊन लागेल तुम्हाला, मावशी."

सून हसली. "साहेब, कारखान्यावर गाडी खाली व्हायची वाट बघत आमी दोन-दोन दिस बसतो. तुमचा खड्डा तर लई गार हाय. या, चहा घ्या."

बंदोबस्ताच्या पोलिसांनाही हसू आवरलं नाही. मग आम्ही पुरुषही लाज वाटून काठावर बसलो. कुणी दगड उचलला नाही, कुणी शिवी दिली नाही. मागणी एकच होती, आणि ती सुनेनंच मांडली: "वाऱ्याशी आमचं भांडण न्हाई. माळावर लावा. आमच्या उशाला नको."

मृगाआधी कंपनीनं खड्डा बुजवून दिला. चक्क्या डोंगरापलीकडच्या माळावर गेल्या. तिथं त्या फिरताना दिसल्या की मला आमच्या बायांचाच अभिमान वाटतो. चौसाळ्याकडची माणसं विचारायला आली, तुम्ही हे जमवलं कसं? सांगायला मीच पुढं होतो.

गावानं सत्कार ठेवला, तोही माझा. पहिल्यांदा खड्ड्यात कोण उतरलं हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण फेटा बांधायला डोकं माझंच सापडलं. ती समोर सतरंजीवर बसून टाळ्या वाजवत होती. कार्यक्रम संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो. सगळं सांगायचं ठरवूनच गेलो होतो. पण आधी तीच बोलली.

"मामा, आमी नसताना गावात तुमी असता, म्हणून तिकडं झोप लागती."

माझ्या तोंडून एवढंच निघालं, "जेवून जा, बाई."

त्यानंतर ती कितीदा तरी भेटली. दर वेळी मी पाऊसपाण्याचं बोललो. बोलायचं होतं ते हे: बाई, तुझ्या दाराशी तो खड्डा माझ्या होकारानं पडला. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोललो. मला माफ कर.