धवल्याचं अक्षर

आमच्या आगरी लग्नात धवलारणीने धवले गायल्याशिवाय हळद लागत नाही. धवले म्हणजे लग्नाची गाणी, बायांच्या तोंडीच असलेली. कोन गावातली माझी आत्या आसपासच्या गावांची धवलारीण. तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाजच गेला, उरली नुसती कुजबुज. त्यात धाकट्या मुलाचं लग्न तोंडावर! शेवटी ठरलं, आत्या पुटपुटेल, मी लिहून घेईन आणि तिची थोरली सून कागदावरून गाईल. धास्ती एकच होती. धवला मध्येच तुटला तर आमच्यात अपशकुन मानतात.

लोक साधे मोबाइल मिरवायचे ते दिवस. भिवंडीत माझं डीटीपीचं दुकान होतं. काम काय, तर लग्नपत्रिका आणि कापडाची लेबलं. लग्नाचंच काम म्हटल्यावर मी आपला हौसेने पत्रिकेचा फॉन्ट लावला. वेलांटीला झुपके, मात्रेवर फूल. मला तर बाई फारच आवडलं! अंगणात सूनबाई सरावाला गायला बसली आणि तिसऱ्या ओळीलाच अडकली.

"ताई, यात नक्षी कुठली आन् अक्षर कुठलं?"

आत्याने तोंड फिरवलं. तिचे डोळे भरले होते.

दुसऱ्या दिवशी दुकानात एकेक फॉन्ट लावून बघत बसले. अगदी तळाशी एक पुस्तकी फॉन्ट होता, जुन्या छापखान्यातल्या शिशाच्या खिळ्यांच्या वळणाचा. शाळेच्या पुस्तकासारखा दिसतो म्हणून गिऱ्हाइकं नाक मुरडायची, मीही कधी हात लावला नव्हता. लावला आणि अगं आई गं! उभा दांडा भरदार, वळणावर रेघ बारीक होत जाते आणि पुन्हा भरते, बोरूने लिहिल्यासारखी. एकही अक्षर पुढे पुढे करत नव्हतं. धवलारणीमागे बाया बसतात ना, तशी सगळी शिरोरेषेखाली गुमान बसली होती. अंगावर काटाच आला. इतकी वर्षं मी अक्षरांवर पोट भरत होते आणि अक्षर बघत होते आज! कोणी, कुठे बसून ही रेघ एवढी जपून वळवली असेल? शेजारच्या पॉवरलूमची खडखडसुद्धा मला ऐकू येईना.

हळदीच्या दिवशी सूनबाईने नवा कागद समोर धरला. माझा जीव टांगणीला. पहिली ओळ गेली, तिसरी गेली, मागच्या बायांनी सूर उचलला. धवला कुठेही अडला नाही. आत्याचे ओठ बरोबरीने हलत होते.

धवला संपला तसा आत्याने कागद मागून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. उलटसुलट करून ती कुजबुजली, "माजा गला यातच हाय ना ग?"

"हाय, आत्या," मी म्हटलं.

मुलगा पाटावर बसला होता. पहिली हळद देवाला आणि मग नवरदेवाला, अशी आमची रीत. आत्याने देवाला लावली. हळदीचं दुसरं बोट तिने कागदाला टेकवलं आणि मग मुलाकडे वळली.