टिटवी खाली बसली ते साल

मला बोलतं करावं लागत नाही. शहाद्याच्या एसटी स्टँडवर उभी राहून मी पत्रकं वाटली आहेत, लग्नाच्या मांडवात मुहूर्तावरून भांडले आहे, एकदा तर तापाने फणफणलेल्या माणसाच्या खाटेशी बसून अंगाऱ्यावर व्याख्यान दिलं आहे. पण ही एक गोष्ट — ती ओठांशी आली की मी हवापाण्याचं बोलू लागते. आज वारा कुठून आहे, उकाडा किती आहे. आणि पंचाईत अशी, की ती गोष्टच हवापाण्याची आहे. मग कुठे पळू?

तर हवापाण्यापासूनच सुरुवात करते.

आमचं घर शहाद्याजवळच्या ब्राह्मणपुरीत. शेजारी इंदूमावशी. नात्याने कुणाचीच मावशी नव्हे, पण सगळ्या गल्लीची मावशी. मुलगा सुरतेला नोकरीला, घरात ती एकटी. सकाळचा चहा झाला की तिच्या ओट्यावर चार माणसं जमत आणि आभाळाची चर्चा चाले. धुकं पडलं तर गव्हाचं काय, ढग आले तर मिरचीचं काय, केळीला वारा सोसेल का. शेवटचा शब्द मावशीचा. माणसं ती बोलेपर्यंत थांबत — हे मी लहानपणापासून पाहिलं, आणि खरं सांगू? मला ते खटकायचं.

घरामागे तिची परसबाग. गिलक्याचा वेल, भरताची हिरवी वांगी, कढीपत्ता, एक पपई. पपई अर्धी बुलबुलांची असं तिचं धोरण होतं. एका जुन्या परातीत पाणी, शेजारी फरशीवर ज्वारीची कणी. चिमण्या, होले आणि सातभाई. सातभाई आले की ती म्हणायची, "उनी पंचायत," म्हणजे आली पंचायत. खरंच, ते सगळे एकदम बोलत आणि निर्णय काही होत नसे.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील शाळामास्तर. त्यांच्या खाटेखाली पत्र्याच्या पेटीत पत्रकं भरलेली — भानामती, नवस, ग्रहण, मांजर आडवं जाणं. इतर मुलांना राजाराणी ऐकवत, मला ती. 'पुरावा काय?' हे दोन शब्द मी फार लवकर शिकले. कुणावरही फेकता येतात, आणि समोरचा बहुतेक गप्प होतो. तुम्ही फेकून पाहिलेत कधी? फार चटक लागते त्याची.

परसाच्या पलीकडे एक मोकळा प्लॉट होता. रस्त्याच्या कामातून उरलेल्या मुरमाचा ढीग तिथे वर्षानुवर्षं पडलेला आणि त्याच्या पायथ्याशी उकरून झालेला उथळ खड्डा. या प्लॉटवर दर उन्हाळ्यात टिटवी अंडी घालायची. आणि आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, मावशी ती बघायला जायची. सासरहून माहेरी आलेल्या लेकी झोके सोडून तिच्या मागे निघत. "टिटवी उच्चावर बठनी ते पानी भरपूर, खाले बठनी ते कमी," असा नियम. तिला विचारून माणसं आपल्या परसातले वाफे उंच करायचे की सखल, ते ठरवत.

त्या वर्षी मी ओट्यावर सगळ्यांसमोर म्हटलं, मावशी, पुरावा काय?

ती हसली. "तू जलमनी नव्हती तवयपाईन टिटवी आठे शे. तिलेच इचार." माझ्या जन्माआधीपासून टिटवी इथे, म्हणजे पुरावा टिटवीकडेच.

समोरच्या घरातले बापूभाऊ म्हणाले, "मास्तरनी पोर, तू टिटवीले पत्रक दे ना एक!" सगळे हसले. मीही हसले, पण आतून पेटले. म्हटलं, ठरलं. आखाजीला मावशीने काय ते सांगायचं, पावसाळा सरला की बघू. मावशी म्हणाली, "बरं." इतकंच.

आता इथपर्यंत माझं काही चुकलं होतं का? नाही. प्रश्न योग्य होता. आजही योग्य आहे. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

आखाजीला काही दिवस होते तेव्हा मी प्लॉटवर जाऊन बसू लागले. उत्सुकता — दुसरं नाव नाही त्याला. टिटवीला मी जन्मभर ऐकत आले होते, पण बघितलं असं नव्हतं. दुपारच्या रखरखीत ती मावशीच्या परातीशी यायची, पाणी थोडं प्यायची आणि मग त्यात पोट बुडवून उभी राहायची. का? मला कळेना. तशीच ओल्या पोटाने तुरुतुरु धावत ढिगाकडे जायची. मी मागे गेले तर डोक्यावरून ओरडत घिरट्या. ती बसायची तिथे वाकून बघितलं तर आधी काहीच दिसेना. मग एकदम दिसली. चार अंडी. मातकट, काळे ठिपके, टोकं आत वळवलेली. ओलसर. पोटाच्या पिसांतून पाणी आणून ती अंडी थंड ठेवत होती! मी तिथे मुरमात गुडघे टेकून किती वेळ बसले कुणास ठाऊक. इतका आनंद मला एखादी सभा गाजवूनही झाला नव्हता.

आणि अंडी ढिगावर होती. अगदी वर.

म्हणजे मावशी म्हणणार, पाणी भरपूर. आणि बातम्यांत तर सांगत होते की या वर्षी पाऊस चांगला आहे. मग? मग पाऊस पडणार, मावशी बरोबर ठरणार, आणि ओट्यावर मला कुणी पुन्हा तोंड उघडू देणार नाही. योगायोग जिंकणार आणि लोक त्याला ज्ञान म्हणणार. मी स्वतःला असं समजावलं. एका वर्षाने काहीच सिद्ध होत नाही, इकडेही नाही आणि तिकडेही नाही, हे मला माहीत होतं. माहीत असून—

जरा थांबते.

मावशी संध्याकाळी पुढच्या ओट्यावर असायची. मी मागून प्लॉटवर जायचे. पहिल्या दिवशी चारी अंडी ओढणीत घेतली आणि हातभर खाली, उतारावर, तळव्याने उथळ खळगा करून ठेवली, टोकं आत वळवून. लांब जाऊन बसले. टिटवी आली. जुन्या जागी गेली, उभी राहिली, मान हलवली, मग इकडे तिकडे धावली. आणि नव्या जागी येऊन बसली! मला वाटलं नव्हतं ती बसेल. तिला अंडी ओळखू येतात की जागा? की दोन्ही थोडं थोडं? मी हरखले. दुसऱ्या संध्याकाळी आणखी खाली. पुन्हा बसली. तुम्हाला विचित्र वाटेल, पण त्या दिवसांत मी काही वाईट करते आहे असं मला वाटतच नव्हतं. मी प्रयोग करत होते. वैज्ञानिक बाई होते मी! ती माझ्या डोक्यावर किंचाळायची आणि मी तिला म्हणायचे, थांब गं, झालंच.

आखाजीच्या आदल्या संध्याकाळी अंडी खड्ड्यात होती.

दुसऱ्या दिवशी मावशी आली. गुडघे दुखायचे तिचे, माझ्याच खांद्यावर हात ठेवून चालत होती. मागे रंगीत लुगड्यांची, साड्यांची रांग. तिने आधी ढिगावर बघितलं. जिथे अंडी होती नेमकं तिथे. मग नजर खाली आली. खड्ड्यातून टिटवी उठली आणि ओरडत सुटली. मावशीने पुन्हा एकदा ढिगाकडे बघितलं. मग म्हणाली, "ह्या साल खाले टाक्यात वं माय." आणि स्वतःशीच, "असं कसं करं तिनी?"

मी काय केलं? तिला हात देऊन घरी आणलं.

काही दिवसांनी वादळ झालं. दुपारी आभाळ पिवळट झालं, वारा घुमला, आणि केळीच्या बागा मुळासकट आडव्या झाल्या. पत्रे उडाले. गारा पडल्या, मग पाऊस, दोन तास धो धो. मावशीची पपई मोडली, गिलक्याचा मांडव भिंतीवर जाऊन पडला. पाऊस थांबताच मी धावले — परसाकडे नव्हे, प्लॉटकडे. खड्डा भरला होता. गढूळ पाण्यात तीन अंडी दिसत होती, चौथं नव्हतं. ढिगावर, वर, जिथून मी ती उचलली होती, तिथे मी हात लावून बघितला. मुरूम ओला होता, पण पाण्याचा थेंब साचला नव्हता.

टिटवी काठावर गप्प उभी होती असं लिहिलं तर वाचायला बरं वाटेल. पण तसं नव्हतं. ती ओरडतच होती, नेहमीसारखी, माझ्या डोक्यावरून, जणू पाण्यात अजून राखण्यासारखं काही होतं.

त्या वर्षी पाऊस भरपूर झाला. पोळ्यापर्यंत वाफे तुंबलेले होते. मावशीच्या सांगण्यावरून ज्यांनी सखल वाफे केले होते, त्यांच्या मिरच्या कुजल्या, तिचीही वांगी गेली. आणि मी शहाद्याला जाऊन पत्रक छापून आणलं. 'टिटवी नापास!' असं मथळ्याला. तिचं नाव नव्हतं, 'आमच्या गल्लीतील एक वयस्क महिला' असं होतं. गल्लीत वयस्क महिला किती, आणि टिटवीचं बोलणारी किती? बापूभाऊंनी ओट्यावर मोठ्याने वाचून दाखवलं. "मावशी, तुन्ही टिटवी फेल झायी वं! फेरपरीक्षा कधी?" मावशीही हसली. हसताना तिने पदर तोंडावर घेतला.

वडिलांनी पत्रक दोनदा वाचलं. त्यांना इतका आनंद झालेला मी क्वचित बघितला आहे. एकच प्रश्न विचारला — अंडी खाली होती, हे तू स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलंस ना?

मी म्हटलं, हो.

खरंच होतं ते. बघा ना, किती स्वच्छ उत्तर आहे. गेल्या वर्षी ते गेले. पत्रक त्यांनी पेटीत इतर पत्रकांबरोबर जपून ठेवलं होतं.

पण याहून वाईट एक आहे. नवरात्राच्या सुमाराला मी परसात गेले तर परात पालथी घातलेली. फरशीवर कणी नव्हती. मी विचारलं, मावशी, आजारी आहेस का? ती वेल बांधत होती. मान न वळवता म्हणाली, "मीच बिघाडी टाकं तिले. रोज आयतं पानी, आयता दाना. रानना पक्षी, त्याले आभाळ वाचता येस. मी त्याले घरनं करं, आते त्याले काय समजी?"

तिला वाटत होतं, चूक तिची. माया केली म्हणून टिटवी आभाळ विसरली. इतकी वर्षं पाखरांना घातलेलं अन्नपाणी तिला आता पापासारखं वाटत होतं. आणि मला ठाऊक होतं की टिटवी ज्वारीच्या दाण्याला चोच लावत नाही, ती किडे खाते. निदान एवढं तरी मी सांगू शकले असते. माझं गुपित राखूनसुद्धा सांगू शकले असते! एरवी जिला बोलणं आवरत नाही, ती मी तिथे उभी राहिले, म्हटलं, हां, असेल, आणि घरी आले. सातभाई बरेच दिवस भिंतीवर येऊन गलका करत. मग यायचे थांबले.

तिचा नियम खरा होता का? मला नाही माहीत. कदाचित टिटवी फक्त पाणी साचणार नाही अशी जागा बघत असेल, पावसाळ्याशी तिला घेणंदेणं नसेल. कदाचित एक वर्ष वर, एक वर्ष खाली, असंच काहीतरी असेल. मला अजून जाणून घ्यायचं आहे, अगदी मनापासून. पण प्लॉटवर आता घर उभं राहिलं आहे. बघण्याची संधी होती तेव्हा उत्तर मीच उचलून दुसरीकडे ठेवलं.

हे मावशीला मी सांगितलेलं नाही. तिच्या आधी तुम्हाला सांगते आहे, यातही धैर्य काही नाही. तिला वाचता येतं. हे छापून आलं की अंक तिच्या हातात देईन आणि समोर बसेन. ती काय म्हणेल ते म्हणेल.

सकाळी ओट्यावर आता फारसं कुणी जमत नाही. ज्याच्या त्याच्या हातात मोबाईल आहे. मावशीकडे साधा फोन, म्हणून ती कुंपणाशी येऊन मला हाक मारते. आजही मारली. रोपं लावायची होती तिला. "फोन काय म्हनस वं? पानी शे का?"

मी बघितलं आणि सांगितलं, दोन दिवस नाही.

ती बरं म्हणाली आणि रोपं लावायला वळली. पुरावा काय, असं तिने मला एकदाही विचारलेलं नाही.