पापणी ओढून पाहणारे डॉक्टर

ढोरडॉक्टर सोमवारी वारले. फोन आला तेव्हा मी शाळेत होतो.

आमच्या कोंढा गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नसे. गुरांवर उपचार करून त्यांना एक खोड लागली होती. बोलता बोलता ते समोरच्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून आतला रंग पाहत. गाय असो की सरपंच. लाल दिसली की मग पुढचे बोलणे.

त्यामुळे लोकही त्यांना रक्ताबद्दल काहीबाही विचारत. झुरळाचे रक्त पांढरे का? गाईचे माणसाला चालते का? झुरळाचे रक्त प्राणवायू वाहत नाही, म्हणून लाल नाही, असे ते सांगत; आणि गाईचे रक्त गाईलाच चालते. मटण खाणाऱ्याचे रक्त चढवले तर माळ बाटेल का, असे एका माळकऱ्याने विचारले, तेव्हा म्हणाले, "बाटलीवर गट लिवला असते गा भाऊ, भाजी लिवली नसते."

दहा-अकरा वर्षांपूर्वी सरिताला, माझ्या बायकोला, सातवा महिना होता. डॉक्टर चहाला आले आणि तिची पापणी पाहून त्यांनी कप खाली ठेवला. "मास्तर, सूनबाई पांढरी पडली. उद्याच भंडाऱ्याले ने." गोळ्या चालू आहेत, असे मी म्हणत राहिलो. तपासणीत रक्त फारच कमी निघाले. आठवडाभरात दोन पिशव्या चढवायच्या होत्या आणि रक्तपेढीतला साठा संपत आला होता. दाते आणा, असे सांगितले.

मी दारोदार फिरलो. धानाच्या रोवणीचे दिवस. रक्त दिले तर चिखलात उभे राहवणार नाही, अशी ज्याला त्याला भीती. मी रिकामा परतलो. मग डॉक्टर निघाले आणि त्यांनी माणसांना एका गोठ्याशी नेले. आदल्या वर्षी गोचिडतापात शेजारच्या गाईला तिथल्या बैलाचे रक्त दिलेले सगळ्यांनी पाहिले होते.

"यानं रगत देल्लं अन् चवथ्या दिवशी चिखलात चालला. तुमी कायले भेऊन राहिले?"

"त्याले शिंगं हायेत, डाक्टर," मागून कुणीतरी म्हणाले. हशा पिकला. दुसऱ्या सकाळी गाडीत पाच जण बसले, त्यात तो शिंगंवालाही होता. डॉक्टरांनी पाचांच्याही पापण्या ओढल्या आणि एकाला, आधी नीट जेवत जा म्हणून, खाली उतरवले.

दुसरी पिशवी संपली त्या दुपारी सरिताने स्वतःहून भात मागितला. मी बाहेर येऊन बाकावर बसलो. किती दिवसांनी टेकून बसलो होतो.

आता कोंढ्यात कुणाला रक्त लागले की दारोदार फिरावे लागत नाही, लोक आपणहून गाडीत बसतात. सरिता सुखरूप आहे. मुलगी यंदा पाचवीत आहे.