‘बंद कर’ न म्हणणाऱ्या मावशी

संगणक बंद करायला सांगताना आमच्या क्लासच्या मावशी ‘बंद’ हा शब्द कधी वापरत नसत. दुकानदार संध्याकाळी दुकान वाढवतो ना, तसं ‘वाढव रे’ म्हणत. डिलाईल रोडच्या चाळीत तळमजल्यावर त्या संगणकाचा क्लास चालवत. कुणी चुकून ‘बंद’ म्हणालं की तंबी मिळे, ‘जीभ आवर, ती ऐकत्येय.’

‘ती’ म्हणजे विंडोज एक्सपी, आमच्या संगणकांवरची ऑपरेटिंग सिस्टिम. नेटवरची हौशी मंडळी ऑपरेटिंग सिस्टिमना मुली समजून त्यांची चित्रं काढतात, हे मावशींना कळलं मात्र, त्यांनी सगळ्यांना आमच्या चाळीत बिऱ्हाडाला आणलं. विंडोज अठ्ठ्याण्णव ही थोरली जाऊ, सेव्हन नोकरदार सून, आणि एक्सपी हिरव्या लुगड्यातली, आभाळी पोलक्यातली हसरी बाई. मी तर वेडाच झालो. आरतीला टाळ वाजवतानाही डोक्यात याच बायका.

इतरांच्या चित्रांत या मुली सदा सोळा वर्षांच्या. मावशी काढत ती एक्सपी मात्र दर वर्षी म्हातारी व्हायची. आधी चष्मा आला, मग गुडघ्याला पट्टा. ‘माणसात आणलंय ना तिला? मग वय नको?’

कंपनीने एक्सपीचे अपडेट थांबवले तेव्हा नेटवर त्या हौशी मंडळींच्या फोरमवर नुसती रडारड. मावशी उखडल्या. ‘मेली कुठे? रिटायर झाली. आमचे हे गिरणी सुटल्यावर काय लगेच गेले?’ त्यांनी फोरमवर नियमच घातला: शेवटचं मशीन चालू आहे तोवर ती जिवंत. परदेशातल्या पोरांनीसुद्धा तो मानला. आमची छाती काय फुगली म्हणून सांगू.

मग चाळ पाडायची ठरली. क्लासात एकच एक्सपी उरली होती, तिची हार्डडिस्क करकरत होती. एकदा वाढवली की पुन्हा उठणार नव्हती.

‘यूपीएससकट माझ्याकडे नेऊ,’ मी म्हणालो. ‘त्याच्या बॅटरीवर दहा मिनिटं तग धरेल.’

माझी खोली पलीकडच्या गल्लीत. मशीन माझ्या हातात, मागे यूपीएस छातीशी धरून मावशी, मध्ये हातभर वायर. यूपीएस पीं पीं ओरडतंय, बसवाला थांबून बघतोय, आणि मावशी धापा टाकत म्हणतायत, ‘सावकाश रे, म्हातारं माणूस आहे.’ प्लग खोचला तेव्हा मशीन चालूच होतं. आम्ही दोघं फरशीवर बसून पोट धरून हसलो. इतका आनंद मला नोकरी लागली तेव्हाही झाला नव्हता.

गेल्या वर्षी मावशी परळच्या इस्पितळात होत्या. माझा हात धरून हळूच म्हणाल्या, ‘दमले रे. आता वाढव.’

मला वाटलं, एक्सपीचंच म्हणतायत. ‘छे, मावशी,’ मी म्हणालो, ‘मस्त चाललंय मशीन.’ त्या नुसत्या हसल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. घरी येऊन मी बटणावर बोट ठेवलं, बराच वेळ ठेवलं, आणि काढून घेतलं. मशीन अजून चालू आहे.