बिलोलीच्या माळावरचा धाविक

चार वर्षं मराठवाड्याच्या पक्षीनोंदींत माझं नाव पहिलं होतं. आम्ही हौशी मंडळी कोणता पक्षी, किती, कधी, कुठे दिसला ते ऑनलाइन टाकतो; संशोधकांना ते उपयोगी पडतं. मला मात्र, खरं सांगतो, पहिला नंबर उपयोगी पडायचा. लातुरात क्लासमध्ये गणित शिकवतो, नंबरांची सवय आहे.

या हिवाळ्यात बिलोलीकडच्या रेणुकाताई एका पक्ष्याने पुढे गेल्या. पक्षी कोणता, तर धाविक! माळावर तुरुतुरु पळणारा, मला अकरा वर्षं हुलकावणी देणारा. माझ्याकडे एवढा महागडा कॅमेरा, आणि ही बाई गावोगाव टपाल वाटता वाटता धाविक बघते? अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्या नोंदीखाली, सगळ्यांना दिसेल असं, मी लिहिलं, 'फोटो नाही. शंका वाटते.'

उत्तर आलं, 'या की सर. दाखवते.'

एप्रिलातल्या एका शनिवारी दुचाकी काढली. लातूर, उदगीर, देगलूर, बिलोली. रस्ता बरा आहे, मधे थोडी खडी लागते. उदगीरला चुरमुऱ्यांचा सुशीला आणि चहा, दोन्ही मिळून पन्नासच्या आत. देगलूरपासून कानावर तेलुगू पडू लागतं. बिलोलीत साधं लॉज मिळालं. उन्हाळ्यात जाणार असाल तर पाणी भरपूर घ्या आणि माळावर सहाच्या आत पोचा. नऊनंतर पक्षीही नसतात आणि आपणही उरत नाही.

रविवारी पहाटे ताई स्कूटीवर हजर. गळ्यात जुनी दुर्बीण, तिला पट्ट्याऐवजी साडीचा काठ शिवलेला. चालता चालता वहीत लिहीत होत्या: कावळे सात, होले चार.

"कावळे कशाला लिहिता?" मी विचारलं.

"दिसले की लिहायचं सर. काहीच न्हाई दिसलं तर तेबी लिहायचं."

मी आजवर विशेष काही दिसल्याशिवाय यादी टाकलेली नाही.

तेवढ्यात समोर तो पळाला. तांबूस, उंच पायांचा, डोळ्यांवर पांढरी भुवई. धाविक! मी कॅमेरा उचलून एक फोटो टिपला आणि आणखी जवळून घ्यायला धावलो.

"सर, पाय!" ताईंनी कोपर धरून मला मागे ओढलं. बुटापासून वीतभर अंतरावर उघड्या जमिनीवर दोन अंडी होती. मातीच्याच रंगाची.

"आठ दिवस झाले, लांबून बघून राहिले," त्या हळू आवाजात म्हणाल्या.

"मग नोंदवलं का नाही? एक फोटो तरी!"

"फोटोला जवळ जावं लागते. आन् जागा कळली की लोकं गाड्या घेऊन येतेत. पिल्लं पळू द्या, मग टाकू. तुमीबी थांबताव ना?"

"हो," मी दात आवळून म्हणालो. परतताना त्यांनी डब्यातली भाकरी आणि ठेचा मला दिला. चव चांगली होती, याचाही राग आला.

घरी आल्यावर फोटो उघडला. एक नोंद, की बरोबरी. बोट तीनदा बटणापर्यंत गेलं. नाही दाबलं, चांगुलपणा नव्हे, ताईंना कळलं असतं म्हणून.

महिन्याभराने त्यांची यादी आली. सोबत पाहणाऱ्याचं नाव जोडायची सोय असते, तिथे माझं नाव होतं. म्हणजे बरोबरी! खाली लिहिलं होतं, 'दोन्ही पिल्लं पळाली. सरांचा पाय वेळेवर थांबला म्हणून अंडी वाचली.'

गटातल्यांनी माझं केवढं कौतुक केलं. मला इतका मत्सर पहिल्या नंबराचाही वाटला नव्हता. एवढं मोठं मन या बाईने आणलं कुठून?

माळावर जायचं तर पायवाट सोडू नका. जागा विचारू नका, सांगणार नाही.

माझी ती 'शंका वाटते' मी काल पुसली. तिच्या जागी लिहिलं, 'पाय थांबला नव्हता. ताईंनी मागे ओढला.'