शेंगदाण्याच्या कुटाविना सहा आठवडे

बायकोला हातांवर इसबाचा त्रास होता. बोटांना भेगा पडायच्या, कणकेतलं मीठ झोंबायचं, पण ती बोलायची नाही. मलमं लावून दोन वर्षं गेली. मग नव्या डॉक्टरीणबाईंनी यादीच दिली: दूधदुभतं, गहू, शेंगदाणे, सोयाबीन, तीळ, टोमॅटो, वांगी, सगळं सहा आठवडे बंद. मांस-अंडी आमच्याकडे नव्हतीच.

"मग खायचं काय?" मी विचारलं.

"उरलेलं," बाई म्हणाल्या.

मी नुकताच निवृत्त झालो होतो. घरी आल्यावर "स्वयंपाक मी करतो" असं म्हणून बसलो. मला फक्त चहा यायचा, आणि आता त्यातलंही दूध गेलं होतं.

पहिल्याच दिवशी गवार फोडणीला टाकली आणि हात कुटाच्या डब्याकडे गेला. दुधी, भगर, काकडीची कोशिंबीर, आमच्या घरात कूट कशात नव्हता? शेवटी गवारीत ओलं खोबरं घातलं. "चांगली झालीय," ती म्हणाली, पण घासागणिक पाणी पीत होती.

नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी तर तव्यावर पडायच्या आधीच फाटायची. पेठ तालुक्यातून नागली विकायला येणाऱ्या म्हातारीला मी माझी फजिती सांगितली. ती म्हणाली, "भाऊ, उकळत्या पाण्यात पीठ टाका न् मग मळा. गार पाण्यात ती धरत नाय." त्या आठवड्यात पहिली अख्खी भाकरी उतरली. लाल भोपळा नारळाच्या दुधात शिजवायला लागलो. पाचव्या आठवड्यात तिच्या भेगा मिटल्या. मला फार अभिमान वाटला.

सहा आठवडे संपल्यावर डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटसुलट करून पाहिले. "या दिवसांत भांडी कोण घासत होतं?"

"मीच," मी म्हणालो.

"भाज्या धुणं? ओटा पुसणं?"

"तेही मीच."

बायको स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती. म्हणजे गुण भोपळ्याने आला होता, की साबण-पाण्यातून हात सुटले म्हणून?

"दोन्हीही असेल," बाई म्हणाल्या. "एकेक पदार्थ सुरू करा. भांडी मात्र तुमच्याकडेच राहू द्या."

गहू सुरू केला, काही झालं नाही. नंतर शेंगदाणे. तिसऱ्या दिवशी अंगठ्याजवळ खाज सुटली. मी लगेच कुटाचा डबा वर ठेवला. तेव्हा ती हळूच म्हणाली, "काल तुम्ही पिंपळगावला लग्नाला गेला होतात ना, तेव्हा मी मेथी निवडून धुतली. दोन पातेलीही घासली."

मी चिडलो. तिच्यावर, की यादीवर, की इतकी वर्षं न पाहिलेल्या त्या मोरीवर, मला सांगता आलं नाही. डबा पुन्हा खाली काढला, परत वर ठेवला.

"अहो," ती म्हणाली, "समजा खाण्याचा काही संबंध नाही असं निघालं, तर तुम्ही स्वयंपाक सोडणार का?"

ती शेंगदाण्यांबद्दल विचारत होती की माझ्याबद्दल, मला कळलं नाही. "नाही," मी म्हणालो. ती हसली नाही, तिने फक्त मान डोलावली.

खाज दोन दिवसांत गेली. कशाने गेली, ते बाईंनाही सांगता आलं नाही. आता शेंगदाण्यांची परीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू आहे, आणि घासणी मी तिच्या हाताला लागू देत नाही.